कोपर दुखतंय, पण केटलबेल सोडायची नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केटलबेल म्हणजे वर कडीसारखं हँडल असलेला लोखंडी गोळा; आम्ही नुसतं बेल म्हणतो. तिचं नाव काढलं की लोकांना कमरेची काळजी वाटते. प्रत्यक्षात इथं कोल्हापुरात आमच्याकडे सर्वांत जास्त विचारणा होते ती कोपराची. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून शिफ्ट संपवून येणारी मुलं, रंकाळ्याला रोज फेरी मारणारे काका, घरचं आवरून सकाळच्या बॅचला येणाऱ्या ताई, तालमीत वाढलेले पैलवान, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते इथं एकत्र घेतले आहेत. मी प्रशिक्षक आहे, डॉक्टर नाही. जिथं डॉक्टरांकडे जायलाच हवं तिथं तसं स्पष्ट लिहिलं आहे. तो भाग वाचून सोडून देऊ नका.

कोपर दुखायला लागलं आहे. केटलबेल बंद करू का?

बहुतेकांसाठी उत्तर "नाही" असंच आहे. वजन कमी करा, काही प्रकार बाजूला ठेवा, संख्या घटवा, पण हाताला पूर्ण सुट्टी देऊ नका.

केटलबेल करणाऱ्यांचं कोपर दुखतं तेव्हा बहुतांशी तक्रार कंडरेची असते. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा. तिला मापात ताण मिळाला तरच ती मजबूत होते. तीन आठवडे हात जपून बसलात तर दुखणं कमी होतं, कारण ताणच नसतो. पण तेवढ्या दिवसांत कंडरेची ताकद वाढत नाही, उलट घटते. मग बरं वाटलं म्हणून माणूस पुन्हा तीच १६ किलोची बेल घेतो, तेवढेच स्विंग (बेल पायांमधून मागे नेऊन खुब्याच्या झटक्याने छातीपर्यंत झुलवणं) मारतो आणि आठवड्याभरात दुखणं परत येतं. वर्षभर याच फेऱ्यात अडकलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातले कित्येक शेवटी कंटाळून व्यायामच सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

"दुखलं तरी रेट, जाईल आपोआप" हा सल्लाही तितकाच वाईट. कोपर असं आपोआप गप्प बसत नाही. या दोन टोकांच्या मध्ये मोजूनमापून ताण देण्याचा रस्ता आहे, आणि पुढची बहुतेक उत्तरं त्या मोजमापाबद्दलच आहेत.

व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जायचंच, अशी लक्षणं कोणती?

जड बेल उचलताना कोपराच्या पुढच्या बाजूला काहीतरी तुटल्यासारखं झालं, आवाज आला, तिथं काळंनिळं पडलं किंवा दंडाची बेटकुळी वर सरकल्यासारखी दिसली, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बायसेप्सची कंडरा कोपरापाशी तुटली असेल आणि शस्त्रक्रिया करायची ठरली, तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झालेली चांगली. "लचक भरली असेल" म्हणून महिनाभर तेल चोळत बसलात तर ती वेळ हातची जाते.

पडल्यानंतर किंवा कुस्तीत हात पिरगळल्यानंतर कोपर पूर्ण सरळ होत नसेल किंवा वाकत नसेल, सांधा सुजून लाल आणि गरम झाला असेल, सोबत ताप असेल, बोटं बधिर होऊन हातातून वस्तू निसटत असतील, किंवा काही न करताही रात्री झोपमोड होईल इतकं ठणकत असेल, तर बेल बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवा किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, पण जा.

एक वेगळी गोष्ट. छातीत दाब, घाम, धाप किंवा मळमळ यांच्यासोबत हात, विशेषतः डावा हात, जड पडून दुखत असेल तर ते कोपराचं दुखणं नव्हे. १०८ ला फोन करा. "काल प्रेस (बेल डोक्यावर ढकलणं) जास्त झाली म्हणून असेल" असा अंदाज बांधत घरी बसू नका.

नेमकं कुठं दुखतं यावरून काय कळतं?

बरंच कळतं, म्हणून पहिल्यांदा एका बोटाने जागा दाखवायला शिका. "सगळा हातच दुखतो" असं म्हणणाऱ्यालाही शांतपणे चाचपलं की बहुधा नेमकी जागा सापडते.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो. त्यावर किंवा बोटभर खाली दाबल्यावर कळ येत असेल, आणि खुर्ची पाठीकडून वरून धरून उचलताना, तळहात खाली ठेवून तांब्या उचलताना किंवा कोपर सरळ ठेवून मूठ आवळताना ती वाढत असेल, तर ज्याला टेनिस एल्बो म्हणतात त्याची शक्यता जास्त. आयुष्यात टेनिसची रॅकेट न धरलेल्यांनाही तो होतो. ३५ ते ५५ या वयात जास्त. मनगट वर उचलणारे स्नायू तिथं हाडाला चिकटतात आणि त्यातल्या एका ठरावीक कंडरेवर बहुतेक वेळा ताण येतो.

आतल्या बाजूच्या उंचवट्यावर दुखत असेल आणि ओले कपडे पिळताना, घट्ट झाकण उघडताना, बार धरून लोंबकळताना कळ येत असेल, तर तो गोल्फर्स एल्बो. मूठ मिटणारे, मनगट आत वळवणारे स्नायू तिथून निघतात. स्नॅच (बेल एका दमात पायांमधून थेट डोक्यावर नेणं) खूप मारणाऱ्यांमध्ये आणि पुलअप्स व केटलबेल दोन्ही करणाऱ्यांमध्ये मला हाच जास्त दिसतो.

कोपराच्या मागे, टोकाच्या थोडं वर, प्रेसच्या शेवटी हात ताठ करताना दुखत असेल तर ट्रायसेप्सची (दंडाच्या मागच्या स्नायूची) कंडरा किंवा सांध्याला बसणारा झटका. बेल वर गेल्यावर कोपर खाडकन लॉक करण्याची सवय असेल तर आधी ती मोडा. पुढच्या बाजूला, घडीत दुखत असेल तर बायसेप्स. हात वाकवून स्विंग ओढणाऱ्यांना हे होतं.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर प्रकरण कंडरेचं नसून नसेचं असण्याची शक्यता आहे. कोपर कुठं आपटलं की करंट लागतो, तीच नस. रात्री कोपर घडी घालून, हात डोक्याखाली घेऊन झोपणाऱ्यांची ती दाबली जाते. कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळून झोपलं तर घडी पूर्ण होत नाही आणि पुष्कळांना आराम पडतो. अंगठा आणि त्याशेजारच्या दोन बोटांत मुंग्या असतील तर मनगटात किंवा मानेत बघावं लागतं. मान वळवल्यावर हातात कळ उतरत असेल तर कोपराला कितीही शेकलं तरी उपयोग नाही. मुंग्या आठवड्याभरात थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

आणि मनगट ते कोपर यांच्या मध्ये, बाहेरच्या बाजूला काळंनिळं पडलं असेल तर क्लीन (बेल खालून खांद्यापाशी आणणं) करताना बेल आपटतेय, एवढंच. त्याचं उत्तर पुढे आहे.

कुठं पडलो नाही, धक्का लागला नाही. मग दुखायला लागलं कसं?

हातावर दिवसभरात एकूण किती ताण पडतो ते मोजा. केटलबेल त्यातला अर्धा तास असते. बाकीचे तास? फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करण्याच्या कामाला) असलेला मुलगा आठ तास ग्राइंडर धरतो आणि त्याची थरथर मनगटातून वर चढते. हुपरीचा चांदी कारागीर दिवसभर बारीक चिमट्यात बोटं आवळून बसतो. दुचाकीवरून रोज शिरोली नाका ओलांडणारा शंभर वेळा क्लच दाबतो. सकाळी भाकरी थापून, कणीक मळून, धुणं पिळून आलेल्या ताईंच्या हातांनी बॅच सुरू व्हायच्या आधीच बरंच काम केलेलं असतं. माउस आणि मोबाइल वेगळेच. त्यात केटलबेलची भर पडली की कंडरा शेवटी तक्रार करते आणि दोष बेलला जातो.

दुसरं कारण केटलबेलच्या वजनांत आहे. रशियात ती पूड या जुन्या मापात ओतली जायची. एक पूड म्हणजे १६.३८ किलो. म्हणून ठरलेली वजनं आजही १६, २४, ३२ अशी आढळतात. डंबेलला दोन-अडीच किलोने चढता येतं. इथं १६ वरून २४ वर जाणं म्हणजे एकदम दीडपट. अलीकडे १२, २० आणि २८ किलोच्या बेल मिळतात, त्या मधल्या पायरीसाठी जरूर घ्या. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरेला कित्येक महिने लागतात. खुबा आणि पाठ २४ ला तयार असतात, कोपर अजून १६ वरच असतं. "मला २४ सहज जातंय हो" असं सांगणारा खोटं बोलत नसतो, पण ते त्याच्या खुब्याचं म्हणणं असतं.

स्विंगमध्ये हात नुसता लटकतो ना? मग त्यात कोपराचा काय संबंध?

पकडीचा संबंध आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथंच आहे.

एक स्विंग सावकाश बघा. बेल पायांमधून मागे गेली, खुबा झटक्यात पुढे आला, बेल वर निघाली. छातीपाशी पोचल्यावर क्षणभर तिचं वजन हाताला लागतच नाही. त्या क्षणी त्या माणसाच्या बोटांकडे पाहा. ज्यांचं कोपर दुखतं त्यांची पेरं बहुतेक वेळा तिथंही पांढरी पडलेली असतात. बेल स्वतःहून तरंगतेय आणि पंजा मात्र ती उडून जाईल अशा भीतीने आवळलेला. वीस स्विंगच्या एका सेटमध्ये पकड एकदाही सैल होत नाही.

बोटं आवळली की मनगट आतल्या बाजूला वळू पाहतं. त्याला सरळ ठेवायला हाताच्या वरच्या बाजूचे स्नायू तेवढ्याच जोराने ओढतात, आणि त्यांचं मूळ कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर आहे. म्हणून मूठ जितकी घट्ट, तितका त्या कंडरेवर ताण. मूठ आतून मिटते पण दुखतं बाहेर, त्याचं कारण हेच.

पकड भरलेल्या बादलीची कडी धरून चालतो तशी हवी: कडी बोटांत अडकलेली, अंगठा सैल. बेल खाली येऊन वळते तेव्हाच बोटं थोडी आवळतात आणि वर जाताना पुन्हा सैल पडतात. हे जमलंय का ते बघायला सोपी खूण आहे. दहा स्विंगनंतर हाताचा पुढचा भाग टणक झाला असेल तर पकड जास्त आहे. मांड्यांची मागची बाजू आणि ढुंगण भरून आलं असेल तर स्विंग ठीक चाललाय.

हात वाकवून बेल वर ओढू नका. खुबा कमी पडला की माणूस दंडाने ओढतो. दमल्यावर पहिल्यांदा हेच बिघडतं, म्हणून एका दमात शंभर स्विंगपेक्षा दहा-दहाचे सेट कोपराला मानवतात.

स्नॅच आणि क्लीनमध्ये काय बदलू?

स्नॅचमध्ये बेल डोक्यावरून खाली येते आणि तो सगळा वेग शेवटी बोटांनी थांबवायचा असतो. आतलं कोपर दुखणाऱ्यांसाठी हा सर्वांत खर्चिक क्षण. काही आठवडे अर्धा स्नॅच करा: बेल वर न्या, खाली येताना आधी खांद्यापाशी रॅकमध्ये (हात दुमडून बेल अंगावर टेकवून) घ्या आणि मग तिथून खाली सोडा. उतार दोन टप्प्यांत तुटतो. तेही दुखत असेल तर स्नॅच बंद, त्याजागी पुश प्रेस, म्हणजे गुडघ्यांच्या हलक्या झटक्याची मदत घेऊन केलेली प्रेस.

बेल वर जाताना हात मुठीने वळवायचा नाही. हँडलला पंजाभोवती फिरू द्यायचं. हँडल तळहातात तिरकं बसलं पाहिजे, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून करंगळीखालच्या गादीकडे. आडवं धरलं की मनगट मागे मोडतं, आणि रॅकमध्ये किंवा प्रेसमध्ये मोडलेलं मनगट कोपराच्या आतल्या बाजूला ओढ देतं. बुक्की मारताना मनगट जसं सरळ असतं तसंच हवं.

क्लीनमध्ये बेल हातावर आपटते तेव्हा ती अंगापासून लांबून, मोठा वळसा घेऊन येत असते. कोपर बरगडीजवळ ठेवा, बेल शर्टची चेन ओढल्यासारखी अंगालगत वर येऊ द्या, आणि ती पोटाच्या वर आली की पंजा हँडलमध्ये आत सारा. उलटून पडायला जागाच उरली नाही तर ती आपटणार नाही.

इथल्याच फाउंड्रीतून ओतून घेतलेली बेल वापरतो. त्याने फरक पडतो?

बेल वाईट असते असं नाही. आपल्या गावाला ओतकाम कुणी शिकवायला नको, आणि बिडाची बेल ओतणं इथल्या फाउंड्रीला अवघड नाही. पण हँडल तपासा. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं एक बारीक कड उभी राहते. ग्राइंडिंग नीट झालं नसेल तर ती कड हँडलच्या खालच्या बाजूला तशीच असते आणि बोटांना टोचते. टोचलं की माणूस नकळत जास्त आवळतो. पंजा उघडा ठेवून हँडल आतून चाचपा. कड लागली तर कानस मारा, मग एमरी पेपर.

दुसरं, जाडी. स्पर्धेच्या बेलचं हँडल साधारण ३३ ते ३५ मिलिमीटरचं असतं आणि वजन कितीही असलं तरी बेलचा आकार तोच. ओतून घेताना पुष्कळदा हँडल ४० च्या पुढे जातं. छोट्या पंज्याच्या माणसाला, विशेषतः ताईंना, ते धरायला दुप्पट मेहनत पडते. ऑर्डर देताना हँडलची जाडी सांगून घ्या. तिसरं, ऑइल पेंट. रंगवलेलं हँडल घामाने घसरतं. हँडलवरचा रंग खरवडून काढा, गोळ्यावरचा राहू द्या.

पावसाळ्यात जास्त दुखतं. थंडीमुळे का?

गारठ्यात सांधे आखडल्यासारखे वाटतात हे खरं, पण जुलै-ऑगस्टमधला इथला दमटपणा मला जास्त दोषी वाटतो. हात ओलसर, हँडल ओलसर, बेल निसटेल ही धास्ती, मग घट्ट पकड. जिमचा खडू थोडा वापरा, जवळ सुती फडकं ठेवा आणि दर सेटनंतर हँडल पुसा. वॉर्म-अपला पाच मिनिटं जास्त द्या.

किती दुखलं तर चालेल?

शून्य ते दहा असं माप धरा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालतं. चार-पाचवर गेलं तर वजन किंवा संख्या कमी करा. त्यापुढे गेलं तर तो प्रकार त्या दिवशी बंद.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. उठल्यावर चहाचा कप किंवा तांब्या उचलताना कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर कालचा डोस जास्त झाला. तेवढंच किंवा कमी असेल तर डोस बरोबर. हे वहीत लिहून ठेवा: कोणती बेल, किती स्विंग, सकाळी किती दुखलं. दोन आठवड्यांची वही समोर आली की कोपर कशावर चिडतं ते तुम्हालाच दिसेल, आणि फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा तीच वही सर्वांत उपयोगी पडेल.

दुखत असताना कोणते प्रकार चालू ठेवू?

पाय, खुबा आणि पोट यांची कामं जवळजवळ सगळी चालतात. गॉब्लेट स्क्वॉट (बेल छातीशी धरून बैठक), बेल रॅकमध्ये घेऊन लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), रॅकमध्ये घेऊन चालणं. हाताचा पुढचा भाग उभा असतो, बेल अंगावर टेकलेली असते, पकडीवर फार भार येत नाही. टर्किश गेट-अपही (बेल ताठ हाताने वर धरून आडव्याचं उभं राहणं) बहुतेकांना मानवतो, कारण बेल तळहातावर बसलेली असते आणि बोटं सैल ठेवता येतात. वजन मात्र हलकं घ्या.

दोन्ही हातांचा स्विंग एक पायरी खालच्या बेलने, एकूण संख्या निम्मी, दहा-दहाचे सेट, मध्ये मिनिटभर विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस. एका हाताचा स्विंग काही आठवडे नको. डेडलिफ्ट (बेल जमिनीवरून उचलणं) आणि रोइंगला (वाकून बेल पोटाकडे ओढणं) पकड आड येत असेल तर मनगटाचे स्ट्रॅप वापरा. स्विंग आणि स्नॅचला स्ट्रॅप कधीही बांधू नका. बेल सोडायची वेळ आली तर सुटली पाहिजे.

बाजूला ठेवायचे प्रकार: बेल उलटी धरून केलेली प्रेस, दोन जड बेल हातात घेऊन लांब चालणं, पुलअप्स, हाय पुल (स्विंगमधून बेल कोपर मागे घेत ओढणं). हे सगळे पकडीचे प्रकार आहेत. नंतर परत येतील.

कोपरासाठी वेगळा व्यायाम कोणता? जरा नीट सांगा.

साहित्य घरातलंच. एक लिटरची पाण्याची बाटली, एक हातोडी, एक टेबल.

दुखणं तीव्र असेल त्या दिवसांत हालचाल न करता ताण द्या. हाताचा पुढचा भाग टेबलावर ठेवा, कोपर काटकोनात, तळहात खाली. दुसऱ्या हाताने पंज्यावर वरून दाबा आणि मनगट हलू देऊ नका. ३० ते ४५ सेकंद धरा, सोडा, मिनिटभर थांबा. असं चार-पाच वेळा. काहींना यानंतर तासभर दुखणंच कमी वाटतं. आतली बाजू दुखत असेल तर तळहात वर करून हेच.

दुखणं तीनच्या आत आलं की बाटली घ्या. भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे सुमारे एक किलो. हात टेबलावर, मनगट काठाबाहेर, तळहात खाली. तीन सेकंदांत वर, चार सेकंदांत खाली. घाई केली तर व्यायाम झाला असं धरू नका. कंडरेला फायदा या संथपणातूनच होतो. १२ ते १५ वेळा, तीन सेट, एक दिवसाआड. १५ सहज जायला लागले की अर्धा किलो वाढवा. आतल्या बाजूसाठी तळहात वर.

मग हातोडी. दांड्याचं टोक धरा, डोकं वर. सावकाश एका बाजूला आडवी करा, परत उभी, मग दुसऱ्या बाजूला. जड वाटली तर दांडा डोक्याजवळ धरा, सोपी वाटली तर लांब. महिन्याभराने हेच व्यायाम कोपर सरळ ठेवून करा, कारण स्विंगमध्ये हात सरळच असतो.

एवढं बारा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटून सोडून देणारे सर्वांत जास्त, आणि परत येणारेही तेच. खांदा आणि पाठीच्या वरच्या भागाची ताकदही सोबत वाढवा; खांदा ढिला असला की काम खाली कोपराकडे सरकतं.

तालमीत जातो. वस्ताद म्हणतात, मालिश कर आणि जोर चालू ठेव. काय करू?

वस्तादांचा मान ठेवूनच सांगतो. मालिश चांगलीच. दंड आणि हाताचा पुढचा भाग मोकळा होतो, दुखणं तात्पुरतं हलकं होतं. पण उंचवट्यावर जिथं कळ येते तिथं अंगठ्याने रगडू नका, आणि कुणाकडून कोपर झटका देऊन "बसवून" घेऊ नका.

जोर मारताना मनगट मागे मोडतं आणि कोपर शेवटी ताठ होतं. दुखणं तीनच्या आत असेल तर जोर चालतील, पण संख्या निम्मी करा आणि वरच्या टोकाला कोपर खटकन ताठ करू नका. बैठका कितीही मारा. दोरावर चढणं आणि मुद्गल काही आठवडे बंद, कारण दोन्हींत सगळा भार पकड आणि मनगटावर येतो. मुद्गलाचं वजन मुठीपासून लांब असल्याने तर जास्तच. कुस्तीत डाव लागून कोपर पिरगळलं असेल तर ते कंडरेचं दुखणं नव्हे, सांध्याचे बंध तपासावे लागतात. त्यासाठी डॉक्टरच.

शेक घ्यावा की बर्फ लावावा?

ज्याने आराम वाटतो ते. कंडरा दोन्हींनी बरी होत नाही, पण आराम वाटला तर व्यायाम करवतो.

गोळ्या आणि इंजेक्शनबद्दल काय?

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्या. मेडिकलमधून आपल्या मनाने आणून महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या पोट आणि किडनीला महागात पडतात. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तर अजिबात नको. त्याआधी लावायचं जेल वापरून पाहता येतं. गोळी घेऊन बॅचला मात्र येऊ नका. दुखण्याचं माप बिघडतं आणि तुम्ही मर्यादा ओलांडता.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने टेनिस एल्बोत पहिले काही आठवडे छान वाटतं. पण त्यावरच्या चांगल्या अभ्यासांत वर्षभरानंतर इंजेक्शन घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा मागे पडलेले दिसले, आणि त्यांचं दुखणं पुन्हा उलटण्याचं प्रमाणही जास्त होतं. म्हणून डॉक्टरांनी सुचवलं तर "याने सहा महिन्यांनी काय होईल?" एवढं विचारा. स्वतःच्या रक्तातून बनवलेलं पीआरपी हे इंजेक्शन महाग आहे आणि त्याबद्दलचे निष्कर्ष संमिश्र आहेत. तीन महिने नेमाने व्यायाम केल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत, असं माझं मत.

एक्स-रे, एमआरआय काढू का?

टेनिस एल्बोत एक्स-रे बहुधा नॉर्मलच येतो. निदान हाताने तपासून होतं. पडला असाल, सांधा अडकत असेल किंवा काही महिन्यांच्या व्यायामाने फरकच पडला नसेल, तर डॉक्टर सांगतील ती तपासणी करा.

कोपराला बांधायचा पट्टा वापरावा?

कामावर असताना उपयोगी पडतो. तो कोपरावर नाही, उंचवट्याच्या दोन बोटं खाली, हाताच्या मांसल भागावर बांधायचा. बोटांना मुंग्या आल्या तर घट्ट झाला. झोपताना काढा. पट्टा बांधून जड बेल उचलायची परवानगी मिळते असं मात्र समजू नका.

मला मधुमेह आहे. वेगळी काळजी हवी?

हो. मधुमेहात कंडरा सावकाश बऱ्या होतात, साखर आवाक्यात नसेल तर आणखी सावकाश. वजन वाढवण्याचा प्रत्येक टप्पा दुप्पट लांब धरा. तंबाखू-सिगारेटनेही कंडरेचं नुकसान होतं. आणि सर्वांनीच लक्षात ठेवावं: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकने कंडरा दुखावू शकतात. असा कोर्स चालू असेल किंवा नुकताच झाला असेल तर प्रशिक्षकाला आणि डॉक्टरांना सांगा, आणि तेवढे दिवस स्विंग-स्नॅच नको.

पायासूप, पांढरा रस्सा यांनी फायदा होतो का?

आवडत असेल तर जरूर प्या, पण औषध म्हणून नको. रोजच्या जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडी, मटण-मासे यांतून प्रथिनं पुरेशी मिळतात का आणि झोप सात तास होते का, हे आधी बघा.

पूर्ण बरं व्हायला किती दिवस लागतात?

सहा आठवड्यांत फरक जाणवायला हवा, तीन महिन्यांत रोजची कामं बिनत्रास व्हायला हवीत. जुनं दुखणं असेल तर सहा महिने किंवा जास्त. बहुतेकांचं वर्षभरात शमतं. सहा आठवडे नेमाने करूनही काहीच फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. निदानच वेगळं असू शकतं.

स्नॅच पुन्हा कधी सुरू करू?

तीन गोष्टी जुळल्यावर. कोपर सरळ ठेवून पूर्ण ताकदीने मूठ आवळली तरी दुखत नाही. दोन्ही हातांचा स्विंग जुन्या वजनाने, जुन्या संख्येने, सलग दोन आठवडे सकाळच्या तक्रारीशिवाय झाला आहे. एका हाताचा स्विंगही पुढचे दोन आठवडे तसाच गेला आहे.

मग नेहमीच्या स्नॅचपेक्षा एक किंवा दोन पायऱ्या खालची बेल घ्या, अर्धा स्नॅच, एका हाताला पाच, एकूण तीन-चार सेट, आठवड्यातून एकदाच. दर आठवड्याला थोडी संख्या वाढवा, वजन महिनाभर तेच ठेवा. संख्या आणि वजन एकाच आठवड्यात वाढवू नका. बाटली आणि हातोडी यानंतरही आठवड्यातून दोनदा चालू ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, बॅच सुरू व्हायच्या आधी उरकता येतं.